पिल्लाची आई कुठे आहे?

पुण्यातल्या कुत्रेवाल्यांमध्ये सध्या एक वाद जोरात आहे. तळजाईवर सकाळी फिरणाऱ्यांत, बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांच्या सभांत, पशुवैद्याकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्यांत, कुठेही तो सुरू होतो आणि शब्दाने शब्द वाढत जातो. विषय असतो जोडनावांच्या छोट्या कुत्र्यांचा. माल्टीज आणि पूडल यांचा संकर म्हणजे माल्टीपू, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडलचा कॅव्हापू, शिह त्झू आणि पूडलचा शीपू, पॉमेरेनियन आणि चिवावाचा पॉमची. ही कुत्री पाळणारे म्हणतात, दोन्ही जातींचे चांगले तेवढे गुण यांच्यात उतरलेत, केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, तब्येतीला काटक. विरोधक म्हणतात, ही उघड फसवणूक आहे. रस्त्यावरच्या मिक्स कुत्र्याला गोंडस नाव द्यायचं आणि पन्नास हजारांना विकायचं. त्यांच्यातले काही पुढे म्हणतात की घ्यायचं तर पेपर, म्हणजे वंशावळीची नोंद, असलेलं जातिवंत घ्या, आणि काही म्हणतात की विकत घेणंच चूक, गावठी पिल्लू घरी आणा.

तिन्ही बाजू मी पुष्कळदा ऐकल्या आहेत आणि दर वेळी वाटलंय की मुद्द्याचं कोणीच बोलत नाही. संकर चांगला की वाईट, ही मांडणीच चुकीची आहे. दोन जाती एकत्र आल्या म्हणून पिल्लू निरोगी होत नाही आणि त्यामुळे बिघडतही नाही. ते कसं निपजणार हे त्याच्या प्रत्यक्ष आईबापांवर अवलंबून असतं, त्या दोन कुत्र्यांच्या डोळ्यांवर, हृदयावर, गुडघ्यांवर, स्वभावावर. मग ते आईबाप कोण, हे विकणारा दाखवू शकतो का? पुण्यात पिल्लू विकत घेणाऱ्या दहांपैकी किती जणांनी त्याची आई डोळ्यांनी पाहिलेली असते? माझ्या लेखी सगळा वाद या एका प्रश्नावर व्हायला हवा.

माझ्या मावसबहिणीच्या घरची गोष्ट सांगते. तिच्या सासूबाई ७५ वर्षांच्या, दिवसभर घरात एकट्या. त्यांना सोबत म्हणून तिने छोटं कुत्रं घ्यायचं ठरवलं. बायपासवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून काढून पिल्लू तिच्या हातात दिलं गेलं. माल्टीपू म्हणून ५५ हजार रुपये. आई बघायची आहे म्हटल्यावर ‘ती आमच्या फार्मवर आहे, तिथे सध्या बाहेरच्यांना सोडत नाही’ एवढंच उत्तर. पिल्लाचं नाव ठेवलं बर्फी. दहाव्या महिन्यात बर्फी ९ किलोची झाली. माल्टीज ३ ते ४ किलोचा असतो आणि टॉय पूडल साधारण तेवढाच किंवा त्याहून हलका. बर्फीचे कान ताठ, शेपूट पाठीवर वळलेली, तोंड निमुळतं, गुळगुळीत, आणि केस इतके गळायचे की सासूबाईंच्या काळ्या शालीवर रोज पांढरा थर. जिना उतरताना ती मागचा उजवा पाय मधेच उचलायची आणि तीन पायांवर दोन उड्या मारून पुन्हा टेकवायची. घरच्यांना ती तिची लाडिक सवय वाटायची. डॉक्टरांनी तिला टेबलावर उभं केलं, गुडघा हळूच आत फिरवला आणि बहिणीचा अंगठा त्यावर ठेवला. वाटी खोबणीतून सरकली तेव्हा अंगठ्याखाली टक् झालेलं तिला स्पष्ट कळलं. मग त्यांनी ओठ वर करून दाखवला. दोन्ही बाजूंना सुळ्यांच्या जोड्या होत्या. दुधाचा सुळा पडलाच नव्हता आणि पक्का त्याला चिकटून उगवला होता, मधल्या फटीत अन्न अडकून हिरडी लाल झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, “हिच्या आईबापांची वजनं किती होती? त्यांचे गुडघे कधी तपासले होते का?” ताईकडे उत्तर नव्हतं. विकणाऱ्याचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

बर्फी माल्टीपू नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कुत्र्यांच्या केसांतली बहुतेक विविधता तीन जनुकांनी समजावता येते, हे २००९ साली सिद्ध झालं. एक जनुक केसांची लांबी ठरवतं, एक कुरळेपणा, आणि तिसरं तोंडावरच्या दाढी-मिशा आणि झुबकेदार भुवया. हे तिसरं प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप कोणा एकाकडून आलं तरी दाढी दिसते. पूडलला ते असतं आणि माल्टीजलाही असतं. दोघांचं खरं पिल्लू गुळगुळीत तोंडाचं निघणं जवळजवळ अशक्य. उलट कॅव्हेलियरकडे ते नसतं. म्हणून कॅव्हेलियर आणि पूडलच्या पहिल्या पिढीत सगळी पिल्लं दाढीवाली दिसतात, पण तीच एकमेकांत लावली की पुढच्या पिढीत साधारण चारात एक गुळगुळीत तोंडाचं आणि भरपूर केस गाळणारं निघतं. शाळेच्या पुस्तकातला मेंडेलचा वाटाणाच हा. ‘हे केस गाळत नाही’ असं एखाद्या पिल्लाबद्दल कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, की ही कितवी पिढी आहे आणि आईबापांचे केस कसे आहेत. पहिल्या पिढीचं पिल्लू, दुसऱ्या पिढीचं पिल्लू आणि पुन्हा पूडलला लावून झालेलं पिल्लू, ही तीन वेगळी कुत्री आहेत, नाव मात्र तिघांना एकच.

नावाने फसणं पुण्याला नवीन नाही. १९८०-९०च्या दशकांत सदाशिव पेठेतल्या वाड्यांपासून कोथरूडच्या फ्लॅटपर्यंत घरोघरी पांढरंशुभ्र ‘पॉमेरियन’ असायचं. त्यातली बहुतेक पॉमेरेनियन नव्हतीच, ती इंडियन स्पिट्झ होती. आकाराने मोठी, इथल्या उन्हाला सरावलेली, चांगली कुत्री. आपण ती चुकीच्या नावाने पाळली तरी फारसं नुकसान झालं नाही, कारण बहुतेक पिल्लं ओळखीच्या घरातून यायची. ‘आमच्या राणीला पिल्लं झालीत, एक घेऊन जा’ असं कोणीतरी म्हणायचं. राणी समोर असायची. ती चावते का, खोकते का, लंगडते का, हे सगळ्या आळीला ठाऊक असायचं. आज नाव जास्त आकर्षक झालं आणि राणी दिसेनाशी झाली. बर्फीच्या अंगात बहुधा स्पिट्झचंच रक्त आहे, आणि ती तेवढ्याने वाईट कुत्री ठरत नाही. पण सासूबाईंना मांडीवर मावेल, केस विंचरायला झेपेल असं कुत्रं हवं होतं, आणि ते देतो म्हणून पैसे घेतले गेले होते.

संकर म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही. पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली आणि देशी गायींचा जर्सी-होल्स्टीनशी संकर गावोगाव नेला. माझं आजोळ त्याच भागातलं. मामांच्या गोठ्यात बीजदान करायला माणूस यायचा तेव्हा वीर्याच्या कांडीवरचा वळूचा क्रमांक तो कार्डावर लिहून ठेवायचा. कालवड विकायची वेळ आली की घेणारा आधी तिच्या आईचं दूध विचारायचा, मग कार्ड मागायचा, मग किमतीचं बोलणं. परदेशी रक्त किती असावं यावरही विचार झालेला होता. ते ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावं असं धोरण ठरलं, कारण त्यापुढे गाय इथल्या उन्हाला आणि गोचिडांना टिकत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन जातींमधून ‘फुले त्रिवेणी’ काढली, तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवूनच. आणि १९६४ साली संकरित ज्वारीचं सीएसएच-१ हे वाण आलं तेव्हा शेतकऱ्याला सांगावं लागलं की यंदाच्या कणसातलं बी पुढच्या वर्षी पेरू नकोस, तसं पीक येणार नाही. खेड्यातला माणूस हे ऐकून शहाणा झाला, दरवर्षी नवं बी घेऊ लागला. त्याच माणसाचा नातू आज हिंजवडीत नोकरी करतो आणि गाय घेताना आजोबा जेवढं विचारायचे त्याचा दहावा भागही न विचारता पिल्लू घेतो. का?

एक कारण असं की संकराचे समर्थक जे सांगतात त्यात तथ्य आहे, आणि अर्धं खरं पटकन गळी उतरतं. ते तथ्य मी मान्य करते. शंभर-दीडशे वर्षं बंद नोंदवहीत, म्हणजे बाहेरचं कुत्रं न घेता, जवळच्या नात्यात पैदास झालेल्या जातींमध्ये अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आली तरच परिणाम दाखवणाऱ्या, जनुकांचे आजार साचले आहेत. दोन वेगळ्या जाती एकत्र केल्या की त्यातले पुष्कळसे झाकले जातात. पण अट एकच, तो दोष दोन्ही जातींत नसायला हवा. छोट्या कुत्र्यांची अडचण नेमकी इथे आहे. गुडघ्याची वाटी सरकणं माल्टीजमध्ये आहे, टॉय पूडलमध्ये आहे, पॉमेरेनियनमध्ये आहे, चिवावामध्येही आहे. दुधाचे दात न पडणं बहुतेक सगळ्या चिमुकल्या जातींत आहे. छोट्या पूडलमध्ये आणि कॉकर स्पॅनियलमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारं एकच अप्रभावी जनुक आढळतं, त्यामुळे दोन्हीकडून ते आलं तर कॉकापूसुद्धा आंधळा होऊ शकतो. हा दोष रक्ताच्या किंवा लाळेच्या साध्या चाचणीत कळतो, जोडीतला एक जण जरी निर्दोष असला तरी एकही पिल्लू आंधळं होणार नाही. चाचणी न करता नुसतं ‘क्रॉस आहे, काटक आहे’ म्हणणं म्हणजे दोन कर्जबाजारी घरांची सोयरीक करून कर्ज फिटेल असं मानणं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ साली ९,४०२ कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा करून कॉकापू, लॅब्राडोर-पूडलचा लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ आजारांबाबत तुलना केली. ८६.६ टक्के तुलनांमध्ये फरकच आढळला नाही. उरलेल्यांत काही आजार संकरितांमध्ये जास्त होते, काही कमी. संकरितांची बाजू घेणाऱ्यांनी आणि त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही हा आकडा नीट वाचावा.

ॲलर्जीचा दावा तर फार आधी सोडून द्यायला हवा होता. कुत्र्याची ॲलर्जी केसांमुळे होत नाही, ती लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. नेदरलँड्समध्ये २०१२ साली घरांची तपासणी झाली तेव्हा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत त्यातलं मुख्य प्रथिन इतरांपेक्षा जास्त सापडलं आणि घराच्या हवेत काहीच फरक दिसला नाही. लॅब्राडूडलचा जन्मसुद्धा याच प्रश्नातून झाला होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईमधल्या एका अंध बाईंची मागणी आली. त्यांच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी होती. पूडल प्रशिक्षणात टिकेनात, म्हणून कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली गेली आणि त्यातलं फक्त एक चाललं. मिक्स पिल्लं सांभाळायला कोणी तयार होईना म्हणून त्यांनी ‘लॅब्राडूडल’ हे नाव काढलं आणि मागणी उसळली. जगाने नाव उचललं, एकेका पिल्लाची तपासणी करण्याची पद्धत तिथेच सोडून दिली. कॉनरन यांनी पुढे आपल्या या कामाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

आता ‘शुद्ध’वाल्यांकडे वळते. आपल्या भाषेत संकर हा शब्द निर्मळ राहिलेला नाही. अर्जुनाच्या तोंडच्या वर्णसंकराच्या भीतीपासून ‘हायब्रीड पिढी’ या टोमण्यापर्यंत त्याला माणसांच्या जातीचा वास चिकटलेला आहे. त्यामुळे कुत्र्यांबद्दल बोलताना एक माणूस ‘रक्त शुद्ध हवं’ म्हणतो आणि दुसऱ्याला त्यात आपल्या समाजाचं जुनं दुखणं ऐकू येतं. दोघांनीही हे बाजूला ठेवावं. माणसांच्या जाती माणसांनी लादल्या, त्यांचा पैदाशीच्या शास्त्राशी काही संबंध नाही. कुत्र्यांच्या जाती मात्र निवड करून घडवल्या गेल्या, त्याही अलीकडे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा इंग्लंडचा केनेल क्लब १८७३चा. ज्या कॅव्हेलियरला आज खानदानी म्हणतात त्याचा क्लब १९२८ साली निघाला आणि जातीला मान्यता मिळाली १९४५ साली. मोजक्या कुत्र्यांपासून वाढवलेली ही जात पुढे हृदयाच्या झडपेच्या विकाराने आणि कवटी लहान पडून होणाऱ्या मज्जारज्जूच्या दुखण्याने इतकी ग्रासली की २०२२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने तिची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली आणि २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. पेपर असलेलं कॅव्हेलियर घ्या, मग निर्धास्त राहा, असं सांगणाऱ्याने या निकालाला काय उत्तर द्यायचं?

आणि शुद्धतेच्या हट्टाने काय होतं याचं उदाहरण डाल्मेशियनचं. या जातीतल्या सगळ्या कुत्र्यांत युरिक ॲसिडचा दोष होता, लघवीत खडे व्हायचे. १९७३ साली अमेरिकेत एका अनुवंशशास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि मग पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच जोड्या लावत, प्रत्येक पिढीत तपासणी करून तो दोष काढून टाकला. दिसायला ती संपूर्ण डाल्मेशियन होती. तरी अमेरिकन केनेल क्लबने त्यांना कायमची मान्यता द्यायला २०११ उजाडलं. अडतीस वर्षं! त्या काळात शुद्ध कागदांची किती कुत्री खड्यांनी तळमळली असतील. इथे उपाय संकरच होता, आणि तो यशस्वी झाला कारण प्रत्येक पिल्लाचे आईबाप आणि त्यांच्या तपासण्या लिहून ठेवलेल्या होत्या.

सर्वांत जड मुद्दा दत्तकवाल्यांचा आहे. रस्त्यावर इतकी पिल्लं मरत असताना नवीन जन्माला का घालायची? याला चोख उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्या घराला गावठी कुत्रं झेपतं त्या घराने तेच आणावं असं मला मनापासून वाटतं. इथल्या उन्हाला, पावसाला, गोचीडतापाला तोंड देत टिकलेला तो प्राणी आहे. जून-जुलैत पूडलच्या कुरळ्या केसांत गोचीड शोधायला बसा म्हणजे त्या साध्या आखूड केसांची किंमत कळते. आठवडाभर विंचरलं नाही की काखेत आणि कानामागे जटा होतात, त्यांच्याखाली कातडी ओली राहते, कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. पण ७५ वर्षांच्या, मनगटात जोर नसलेल्या बाईला १८ किलोचं ओढाळ कुत्रं जिन्यावरून खाली नेता येत नाही. तिला मांडीवर बसणारा सोबती हवा असणं ही चैन आहे असं मी म्हणणार नाही. सोबत करणं हे त्या छोट्या जातींचं शतकानुशतकांचं काम आहे. आणि विकत घेणाऱ्याला नुसतं हिणवून खरेदी थांबत नाही, ती लपते. चारचौघांत बोलायची लाज वाटली की माणूस पार्किंगमध्ये जाऊन पिल्लू घेतो, प्रश्न विचारत नाही, आणि कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमधली ती आई दर माजाला पुन्हा लावली जाते. गावठी पिल्लांची कणव असलेल्यांनी या आईचाही विचार करायला हवा. तीही कुत्रीच आहे.

कायदा नाही असंही नाही. श्वान पैदास आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ पासून आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, पिल्लाला मायक्रोचिप लावायची. बर्फी दिली गेली तेव्हा फार तर पाच आठवड्यांची होती. तिला घास चावता येत नव्हता. पुणे महापालिका कुत्र्याच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागते. त्याच वेळी विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाच्या आईचा चिप क्रमांक मागितला तर? दत्तक पिल्लाला तो रकाना मोकळा ठेवायची मुभा द्यावी, विकत घेतलेल्याला नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्जावर दोन ओळी वाढवाव्या लागतात. केनेल क्लब ऑफ इंडिया जोडनावांच्या कुत्र्यांना जात म्हणून नोंदवत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तर हा एवढाच माग राहील.

बर्फीचे दुधाचे सुळे काढले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सासूबाई आता तिला उचलून घेत नाहीत, ती त्यांच्या पायाशी झोपते. ताईच्या शेजारणीला शीपू हवा होता. गेल्या महिन्यात ताई तिच्याबरोबर भूगावला एका घरी गेली. दार उघडताच शिह त्झू आई भुंकत पुढे आली, ओथंबलेल्या आचळांसकट. तिच्यामागे घरच्या बाई पूडलच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद घेऊन आल्या. ताईने खाली बसून आधी आईचे मागचे पाय हातात घेतले, गुडघे चाचपले. पिल्लं साडेचार आठवड्यांची होती. ‘आठ पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही,’ बाईंनी सांगितलं. शेजारीण त्या दिवशी तारीख लिहून घेऊन परत आली.